आषाढी ते कार्तिकी : सणांच्या चार महिन्यांतला नेम

आषाढी एकादशीला तीन-चार दिवस उरलेले असतात. खुडूस फाट्यावरचं गोल रिंगण आटोपून माउलींचा पालखी सोहळा सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या वाटेला लागतो आणि गावाच्या अलीकडच्या उंचवट्यावर येऊन थांबतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या आठवणीखातर इथे दरवर्षी ‘धावा’ होतो. टाळ छातीशी धरून, पताका सावरून, डोक्यावरच्या तुळशीला एक हात लावून माणसं उतारावरून पळू लागतात. आळंदी सोडून दोन आठवडे झालेले, दोनशेच्या आसपास किलोमीटर पायांखालून गेलेले, रात्रीची झोप जेमतेम. तरीही लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून सत्तरीतली बाई विशीतल्या पोराच्या बरोबरीने धावते. धाप लागलेली असते आणि चेहरा उजळलेला असतो.

त्या रात्री पालखी वेळापुरात मुक्काम करते आणि सकाळी भंडीशेगावकडे निघते. मागे गावात उरतात सणांचे चार महिने.

२०२४ सालचं कॅलेंडर उघडून पाहावं. आषाढी एकादशी १७ जुलैला, कार्तिकी १२ नोव्हेंबरला. मधल्या ११८ दिवसांत नागपंचमी आली, श्रावणी सोमवार आले, ७ सप्टेंबरला गणपती बसले, पाठोपाठ गौरी आल्या, ३ ऑक्टोबरला घट बसले, १२ ऑक्टोबरला दसरा झाला आणि १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. त्यातच पितृपक्षातली जेवणं, सत्यनारायण, बारशी, भावकीतले कार्यक्रम. दिवाळीत पुण्याला, पिंपरी-चिंचवडला नोकरीला असलेली मुलं-सुना गावी येतात, घर भरतं, चहाची पातेली गॅसवरून उतरत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं, की लग्नसराई सुरू. आनंदाचे हे दिवस अंगावर कसे दिसतात आणि ते दिसू नयेत म्हणून काय करता येतं, हे तपासण्याजोगं आहे. वेळापूरसारख्या गावात त्यासाठी बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही.

सणासुदीत वजन नेमकं किती वाढतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी याचा एक नेटका अभ्यास केला होता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००० साली तो प्रसिद्ध झाला. १९५ प्रौढांचं वजन त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तिकडच्या ऐन सणांच्या काळात, वारंवार घेतलं. लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज मोठा होता; प्रत्यक्ष वाढ सरासरी अवघी ०.३७ किलो निघाली. ऐकायला किरकोळ. पण पुढच्या महिन्यांत हे वजन उतरलं नाही. वर्षभरात त्यांचं सरासरी जेवढं वजन वाढलं, त्यातला बहुतेक हिस्सा या सहा-सात आठवड्यांतला होता. दरवर्षी असं थोडं थोडं साठत गेलं, की पंचविशीतला सडपातळ माणूस पंचेचाळिशीत पोट घेऊन का बसतो, याचा उलगडा होतो.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचंही वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा आपला भारतीय देह. ही चरबी पोटाभोवती आणि यकृतात जाऊन बसते, म्हणून काटा फारसा न हलताही मधुमेह येऊ शकतो. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे हेच सांगतात. देशात अंदाजे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के प्रौढांमध्ये.

तेव्हा वजनकाट्याच्या जोडीला एक सुतळी घ्यावी. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी सुतळी मोजायची, मधोमध दुमडायची आणि श्वास सोडून कमरेभोवती गुंडाळायची. टोकं जुळली तर ठीक. अंतर राहिलं तर पोटावर चरबी साठते आहे असं समजावं. टेपने मोजलं तर भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. गणपतीच्या आधी एकदा आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदा सुतळी लावली, की सणांनी काय केलं ते घरच्या घरी कळतं.

दोष बहुतेक वेळा सणाच्या ताटाला दिला जातो आणि इथेच गल्लत होते. एक पुरणपोळी घ्या. साधारण ३० ग्रॅम हरभराडाळ, तेवढाच गूळ, तेवढंच पीठ आणि चमचाभर तूप. गोळाबेरीज साडेतीनशे कॅलरीच्या आसपास. दसऱ्याला तीन पोळ्या खाल्ल्या तरी तो एक दिवस आहे. वर्षातून असे दहा-बारा दिवस शरीर सहज पचवतं. खरा घोळ होतो तो डब्यांमुळे. मध्यम आकाराच्या एका बेसनलाडवात दोनशे कॅलरी असतात. धनत्रयोदशीला भरलेला डबा कार्तिकी उलटली तरी फडताळात असतो, आल्यागेल्याबरोबर चहा होतो आणि चहाबरोबर लाडू. दिवसाला दोन लाडू जास्तीचे धरले आणि ते वीस दिवस चालले, तर आठ हजार कॅलरी होतात. कागदावरच्या हिशेबाने हे सुमारे एक किलो चरबीएवढं झालं. आणि ते खाताना सण कुठेच नसतो. टीव्ही बघता बघता, पाहुण्याला सोबत म्हणून, ‘संपवायचं आहे’ म्हणून ते खाल्लं जातं.

दुसरीकडे याच दिवसांत रोजचं बरंच काही सुटतं. पहाटेचं फिरणं ‘दिवाळी झाली की बघू’ म्हणून थांबतं. जागरणं होतात, झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि मन गोडाकडे ओढ घेतं. दुपारची भाकरी-भाजी मागे पडून फराळावरच पोट भरलं जातं. शेतकरी घरातही आता पूर्वीचं चालणं राहिलेलं नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्याचा बराच भाग उसाचा झाला, घराघरांत मोटारसायकल आली, नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जातं. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट. फक्त कष्टकऱ्याची भूक आणि कष्टकऱ्याचं ताट तसंच राहिलं.

वारकरी संप्रदायात यासाठी एक नेमका शब्द आहे : नेम. एकादशी, हरिपाठ, तुळशीला पाणी, वर्षाची वारी. घरात लग्न असो की सुतक, आपल्या परीने नेम सांभाळायचा. वारीतला दिवस पाहिला तर त्याची शिस्त थक्क करते. पहाटे तीन-चारला उठणं, आंघोळ, ठरल्या वेळी चाल, ठरल्या जागी न्याहारी, दुपारचा विसावा, संध्याकाळी समाजआरती. माळशिरस ते वेळापूर ही मजल अठरा-वीस किलोमीटरची. साठ किलोच्या माणसाला किलोमीटरमागे साधारण ४५ ते ५० कॅलरी लागतात. म्हणजे नुसत्या चालण्यात नऊशेच्या आसपास गेल्या. म्हणूनच वारीत गावोगावी पंगती वाढल्या जातात, लाडू-शिरा हाती पडतो आणि तरी माणूस हलका होऊन परततो. सणांच्या चार महिन्यांत वारीची मजल कुणी मारू शकणार नाही. नेम मात्र उसना घेता येतो : रोज ठरल्या वेळी, थोडं का होईना, चुकवायचं नाही.

असा छोटा नेम उपयोगी पडतो, याला पुरावाही आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २७२ लोकांवर नाताळच्या हंगामात एक प्रयोग केला. २०१८ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्या लोकांना आठवड्यातून किमान दोनदा वजन करायला सांगितलं, खाण्याच्या दहा साध्या सवयी दिल्या आणि सणाचे पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याचा तक्ता दिला. उरलेल्यांना निरोगी राहण्याबद्दलचं एक पत्रक मिळालं. हंगाम संपला तेव्हा दोन्ही गटांत सरासरी अर्ध्या किलोचा फरक होता. पहिल्या गटाचं वजन किंचित कमी झालं होतं, दुसऱ्याचं वाढलं होतं. गोड सोडायला कुणाला सांगितलं नव्हतं. लक्ष मात्र ठेवलं होतं.

आता ताटाकडे येऊ. सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही रब्बीची ज्वारी काळ्या रानात, जमिनीतल्या ओलीवर वाढते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि दहा ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही भरत नाहीत. तंतू जास्त, म्हणजे पोट लवकर भरतं आणि रक्तातली साखर सावकाश चढते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा शहरांतल्या हॉटेलांनी ज्वारीचे डोसे आणि पास्ते केले. इकडे मात्र सण आला की भाकरीचं पीठ मागे सरतं आणि आठवडाभर पोळ्या, पुऱ्या, मसालेभात चालतो. पाहुण्यांपुढे भाकरी कशी ठेवायची, हा संकोच सोडायला हवा. पुण्याहून आलेली माणसं चुलीवरची गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी मागून खातात, हा घरोघरचा अनुभव आहे.

सणांचं जुनं वेळापत्रक नुसतं गोडाचं नव्हतंच. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडून करतात. पुरण तेच, तळणीचं तेल शून्य. गौरी घरात येतात त्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, पुरणावरणाचं जेवण दुसऱ्या दिवशी. घटस्थापनेला मातीत धान्य पेरायचं, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि हंगामातल्या यच्चयावत भाज्यांची मिसळ. उकडलेलं, भाजलेलं, पालेभाजीचं, भरड धान्याचं असं सगळं या कॅलेंडरात गुंफलेलं होतं. काळाच्या ओघात नेमके तळलेले आणि साखरेचे दिवस टिकले, बाकीचे पातळ झाले. ते परत आणायला फार काही लागत नाही. एका घराने ठरवलं तरी पुरतं.

ताट वाढण्याची रीतही कामाची आहे. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे भाजी, मग वरण-भात, मग पोळी. ज्यांनी आधी भाजी आणि प्रथिनं खाल्ली आणि भात-पोळीसारखे पदार्थ नंतर, त्यांची जेवणानंतरची साखर कमी चढली, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पंगतीत बसल्यावर कोशिंबिरीला आधी हात घालावा, ती दोनदा मागून घ्यावी आणि मग पुरणपोळीकडे वळावं. पोळीवर तूप घ्यावं, चवीने खावी. त्या ताटात मठ्ठा, जिलेबी, श्रीखंड आणि गुलाबजाम एकाच वेळी असण्याची मात्र गरज नाही. एका सणाला एक गोड, हा पूर्वीच्या घरांचा रिवाज शहाणपणाचा होता.

उपासाचं काय? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला स्टार्च. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. आपल्या बाजारातला साबुदाणा प्रामुख्याने तमिळनाडूतल्या सेलमकडचा. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, तंतू नाहीत. एका भरल्या बशीतल्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर शेंगदाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप धरलं, तर साडेपाचशे-सहाशे कॅलरी होतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर भाजी आणि वरण यांच्या हे बरोबरीचं. श्रावणातले सोमवार-शनिवार आणि नवरात्रीचे नऊ दिवस अशी खिचडी सकाळ-संध्याकाळ होत असेल, तर तो उपास शरीराच्या लेखी जडच. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक, एखादं डाळिंब हे उपासाच्या चौकटीत बसतं आणि अंगालाही मानवतं. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे आणि नवरात्रीच्या सुमारास ती बाजारात असतात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी इथे जपून राहावं. औषध घेतलं आणि पोटात काही नाही, अशी वेळ आली तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी उपास बाजूला ठेवून लगेच साखर किंवा गूळ खाल्लाच पाहिजे. नवरात्रीचे उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. गरोदर बायकांनीही असंच विचारून घ्यावं.

वेळापूरला धाव्याखेरीज आणखी एक पळणं ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं. त्या संघात रामजी कश्यप होता, वेळापूरचा. गावात खो-खोची मुळं खोल आहेत. ग्रामदैवताचं नाव घेतलेलं अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळ जिल्ह्याच्या खो-खोत परिचयाचं आहे. यादवकाळातल्या मंदिराचं हे गाव आता या खेळासाठीही ओळखलं जातं, याचं कौतुक व्हायलाच हवं.

खो-खोला काय लागतं? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मातीचा तुकडा आणि दोन खांब. ना चेंडू, ना बॅट, ना महागडे बूट. पाटीवर बसलेला खेळाडू उकिडवा, चवड्यांवर भार देऊन तयार असतो. पाठीवर थाप पडली, ‘खो’ ऐकलं, की मांड्यांच्या जोरावर तो उसळून उठतो, दहा-पंधरा पावलं जीव खाऊन पळतो, वळतो, झेपावतो आणि पुन्हा खो देऊन बसतो. मांडी, पोटरी, कंबर, फुप्फुसं आणि नजर सगळी एका वेळी कामाला लागतात. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, मुलं मोबाइल घेऊन ओसरीवर बसतात. त्याच वेळी शहरातून आलेली चुलत-मावस भावंडं घरात असतात. दोन संघ सहज होतात. फटाके विझल्यावर सकाळी साडेसातला गल्लीतली पोरं मोकळ्या मैदानावर नेली, तर त्या सुट्टीची आठवण त्यांना वर्षभर पुरेल.

चाळिशी ओलांडलेल्यांनी मात्र एकदम मैदानात उडी मारू नये. थंड अंगाने पळाल्यावर घोटा मुरगळतो, पोटरीचा स्नायू भरून येतो. आधी पाच-दहा मिनिटं चाल, मग खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, एवढंही रोज केलं तर मांड्यांचे स्नायू शाबूत राहतात. जेवल्यावर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त उचलतात ते हेच मोठे स्नायू. स्नायू हालचाल करत असताना इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता साखर आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरच्या चालण्याचं महत्त्व. २०२२ साली सात प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सलग बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत मधून मधून दोन ते पाच मिनिटं सावकाश चालणाऱ्यांचीही साखर कमी चढल्याचं त्यात दिसलं. शतपावलीचा हा हिशेब. जेवण झाल्यावर तासाभराच्या आत पंधरा मिनिटं चाललं तर उत्तम, नाहीतर अंगणातल्या शंभर पावलांनीही फायदा होतोच.

चालायचं कुठे, हा प्रश्न गावाकडेही खरा आहे. रस्त्यावर ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, अंधार, कुत्री. वेळापूरच्या पदरात याबाबतीत एक मोठं दान पडलं आहे. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं. या महामार्गाच्या आराखड्यातच वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट आहे. वारीला ती वर्षातून एकदा लागते. उरलेल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ गावाने ती वापरावी. ग्रामपंचायतीने तिथे दिव्यांची आणि साफसफाईची सोय पाहिली, तर बायकाही निर्धास्तपणे बाहेर पडतील. सणांच्या दिवसांत चालण्याची या भागाला सवय नाही असंही नाही. कोजागरीला तुळजापूरच्या आईसाठी सोलापूर शहरातून हजारो माणसं रात्रभर चालत निघतात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एका रात्रीत एवढं चालणारे पाय बाकीच्या दिवसांत वीस मिनिटं चालू शकतात.

या सगळ्या चर्चेत ज्यांच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, त्या आहेत घरातल्या बायका. दिवाळीच्या आधीचा आठवडा आठवावा. भाजणी दळून आणलेली, रात्री दहाला सगळ्यांची जेवणं झाल्यावर पाटावर बसून सोऱ्या दाबणारी बाई, समोर तापलेली कढई, मनगट भरून आलेलं, डोळ्यांत धूर. चकली वळून झाली की शंकरपाळ्या, मग करंज्यांना मुरड. सकाळी पुन्हा पाचला उठणं. या दिवसांत तिचं जेवण म्हणजे उभ्याउभ्या तुटलेली चकली आणि चहा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ९७ मिनिटं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अशा बाईला ‘सणात व्यायाम चुकवू नका’ असं सांगणं अन्यायाचं आहे. तिला आधी वेळेवर बसून जेवण, पुरेशी झोप आणि सोऱ्या दाबायला दुसरे दोन हात हवेत. नऊ पदार्थांऐवजी चार पदार्थ केले तरी दिवाळी साजरी होते. चार बायकांनी मिळून एकेक पदार्थ करून वाटून घेतला, तर कामही हलकं होतं आणि डबेही लहान राहतात.

तळण्याबद्दल थोडं. तेल नीट तापलेलं नसलं की चकली तेल पिते. मोहन जास्त झालं तरी तेच. कढई लहान घेऊन कमी तेलात थोडं थोडं तळावं, म्हणजे शेवटी तेल फारसं उरत नाही. उरलेलं तेल फोडणीला लवकर संपवावं, काळं आणि घट्ट झालेलं फेकावं. तेच पुन्हा तळणीला घेऊ नये. एका तेलात वारंवार तळल्याने अपायकारक द्रव्यं तयार होतात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पातळ पोह्यांचा चिवडा उन्हात कुरकुरीत करून फोडणीत परतला, तर तळावाच लागत नाही. आणि पाहुण्यांच्या चहाबरोबर सोलापूरची कडक भाकरी व दाण्याची चटणी ठेवली, तर लाडवांचा डबा आपोआप टिकतो.

यंदा भाऊबीजेच्या संध्याकाळी जेवणं झाली, की घरातल्या सगळ्यांनी भांडी एकत्र आवरावीत आणि आई-आजीला बरोबर घेऊन पंधरा मिनिटं बाहेर पडावं. कार्तिकी एकादशीनंतर एखाद्या सकाळी सुतळी काढावी. तिची टोकं ज्यांच्या कमरेभोवती जुळत नाहीत आणि ज्यांनी वयाची तिशी ओलांडली आहे, त्यांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते.